रजिस्टर सोडून वॉर्डात: फौजेतला क्लार्क ते फिजिशियन असिस्टंट

३१ जानेवारी २०२१ ला मी आर्मी मेडिकल कोअरमधून हवालदार क्लार्क म्हणून बाहेर पडलो. सर्व्हिस १६ वर्षं १० महिने. १७ नोव्हेंबर २०२५ ला ठाण्यात, घोडबंदर रोडवरच्या एका खासगी रुग्णालयात फिजिशियन असिस्टंट (पीए), म्हणजे डॉक्टरच्या देखरेखीखाली पेशंट बघणारा सहायक, म्हणून रुजू झालो. मधली पावणेपाच वर्षं कशी गेली ते लिहून ठेवतोय. मी माहिती शोधत होतो तेव्हा मराठीत काहीच सापडलं नव्हतं, आणि आता दर महिन्याला एखादा जवान फोन करून विचारतो, "भाऊ, ते पीएचं काय असतं ते नीट सांगा की."

मेडिकल कोअर म्हटलं की लोकांना वाटतं सगळेच इंजेक्शनं देतात. नर्सिंग असिस्टंट वेगळे, अ‍ॅम्ब्युलन्स असिस्टंट वेगळे, आणि आम्ही क्लार्क वेगळे. माझी बरीच वर्षं मिलिटरी हॉस्पिटलच्या ए अँड डी ऑफिसात गेली, म्हणजे अ‍ॅडमिशन आणि डिस्चार्ज. कोण दाखल झालं, कोण सुटलं, कोणाचा मेडिकल बोर्ड कधी, कोण शेप-१ म्हणजे पूर्ण तंदुरुस्त आहे, कोणाची कॅटेगरी खाली आली. निवृत्तीच्या वेळचा बोर्ड असला की एएफएमएसएफ-१६ चे कागद. पेशंट गंभीर झाला की त्याचं नाव एसआयएल किंवा डीआयएलवर चढवायचं आणि युनिटला, घरच्यांना कळवायचं. एसआयएल म्हणजे प्रकृती गंभीर, डीआयएल म्हणजे जिवाला धोका. ते सिग्नल मी किती पाठवले ते मोजलेलं नाही.

२०२० च्या ऑगस्टमध्ये कोविड वॉर्डात एक सांगलीकडचा नायब सुभेदार दाखल होता. वॉर्डात कोणाला सोडत नव्हते. त्यांच्या मिसेस रोज संध्याकाळी ऑफिसच्या नंबरवर फोन करायच्या. माझ्यासमोर सगळं लिहिलेलं असायचं: नंबर, रँक, युनिट, निदान, सकाळचा ऑक्सिजन. एके दिवशी त्यांनी विचारलं, "जेवतात का हो ते?" मला सांगता आलं नाही. वॉर्डात फोन लावला, तर तिथं कोणाला उचलायला सवड नव्हती. ते पुढे बरे होऊन घरी गेले, पण तो प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. हॉस्पिटलात १६ वर्षं काढून मला पेशंटची सगळी माहिती होती आणि पेशंट माहीत नव्हता.

फौजेतून डिस्चार्जचा अर्ज मी त्याआधीच, जूनमध्ये टाकला होता. आबांच्या, म्हणजे वडिलांच्या, गुडघ्यांमुळे. आबा वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटला माथाडी होते, ३४ वर्षं पाठीवर गोणी वाहिल्या. मूळचे आम्ही सातारा जिल्ह्यातले, पण वाढलो कोपरखैरणेत. लखनौच्या रेकॉर्ड ऑफिसातून मंजुरी यायला जवळपास सात महिने लागले.

आधी पैशांचं बोलतो, कारण फोन करणाऱ्यांचा पहिला प्रश्न तोच असतो. शिपाई ते हवालदार यांना १५ वर्षं झाल्यावर पेन्शन बसते. पेन्शनचा ५० टक्क्यांपर्यंत भाग आगाऊ एकरकमी घेता येतो, त्याला कम्युटेशन म्हणतात, आणि तो भाग १५ वर्षांनी पुन्हा सुरू होतो. मी पूर्ण ५० टक्के घेतले. साधारण साडेअकरा लाख आले, त्यातले साडेसहा घराच्या कर्जात गेले. पण त्यामुळे दर महिन्याला हातात पेन्शन १४,००० च्या आसपासच राहिली. शिकायला बसणार असाल तर हा हिशेब दोघांनी बसून कागदावर करा. आमच्या घरी हिची ऐरोलीतल्या खासगी शाळेतली नोकरी होती म्हणून निभावलं. ही एवढंच म्हणाली, "अहो, चार वर्षं म्हणताय ना? मग चारच. पाचवं नको." मुलगी तेव्हा दुसरीत होती.

बाहेर पडल्यावर सल्ले एकाच छापाचे मिळाले: सिक्युरिटी सुपरवायझर, बँकेत क्लार्क, नाहीतर रुग्णालयात बिलिंग. कोणतंच काम हलकं नाही, माझे दोन मित्र आज बँकेत समाधानी आहेत. पण मला पेशंटजवळ जायचं होतं. नर्सिंगचा विचार केला, डायलिसिस टेक्निशियनचा केला. फिजिशियन असिस्टंट हा शब्द पहिल्यांदा आमच्याच हॉस्पिटलच्या एका मेजर डॉक्टर मॅडमच्या तोंडून ऐकला. हा माणूस डॉक्टरच्या देखरेखीखाली काम करतो. हिस्टरी घेतो, तपासतो, राउंडच्या नोंदी ठेवतो, छोट्या प्रक्रिया करतो, शस्त्रक्रियेत मदतीला उभा राहतो, डिस्चार्ज समरी लिहितो, घरच्यांना समजावतो. स्वतःच्या अधिकारात औषध लिहून देत नाही.

मग वाचायला लागलो. अमेरिकेत हा पेशा १९६५ मध्ये ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी सुरू केला, आणि त्यांच्या पहिल्या तुकडीतले चारही विद्यार्थी नौदलातून बाहेर पडलेले वैद्यकीय सहायक होते. युद्धात जखमी सांभाळलेल्या माणसांना बाहेर आल्यावर त्या कामाचं काहीच मोल मिळत नव्हतं, आणि तिकडे डॉक्टर कमी पडत होते. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. आपल्याकडे १९९२ मध्ये चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये, डॉ. के. एम. चेरियन यांच्या हृदयशस्त्रक्रिया विभागाच्या गरजेतून हे शिक्षण सुरू झालं. आणि मी घरी बसून अर्ज चाळत होतो त्याच मार्च २०२१ मध्ये संसदेने अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सचा (डॉक्टर, नर्स सोडून इतर आरोग्य पेशांचा) राष्ट्रीय आयोग नेमण्याचा कायदा केला, त्याच्या यादीत फिजिशियन असोसिएट या नावाने हा पेशा आला.

त्या कायद्यातला एक आकडा लक्षात ठेवा. हेल्थकेअर प्रोफेशनल म्हणवून घ्यायला किमान ३,६०० तासांचं शिक्षण, तेही तीन ते सहा वर्षांत झालेलं लागतं. मला दोन ठिकाणी "एका वर्षात पीए" असं सांगून डिप्लोमा विकायचा प्रयत्न झाला. तास किती, विद्यापीठ कोणतं, वॉर्डचं पोस्टिंग कोणत्या रुग्णालयात, हे तीन प्रश्न विचारले की दोन्हीकडचे आवाज बदलले.

दुसरी गोष्ट पंधरा वर्षांच्या ग्रॅज्युएशनची. दहावी झालेल्या माजी सैनिकाची १५ वर्षं सर्व्हिस झाली की केंद्र सरकारच्या गट क मधल्या, पदवी मागणाऱ्या पदांसाठी ती पदवीसमान धरतात. प्रवेशासाठी त्याचा उपयोग नाही. बी.एस्सी. फिजिशियन असिस्टंटला बारावी सायन्स, फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजी घेऊन लागते. माझी २००३ ची बारावी सायन्सची होती, हे माझं नशीब. क्लार्क म्हणून भरती झालेल्या बऱ्याच जणांची आर्ट्स-कॉमर्सची असते, त्यांनी आधी हे तपासावं.

आता कागदपत्रं. माझी मूळ गुणपत्रिका २६ जुलै २००५ च्या पुरात भिजून लगदा झाली होती. आबांच्या पत्र्याच्या ट्रंकेत होती, ट्रंक जमिनीवर. दुय्यम प्रत आणि मायग्रेशन सर्टिफिकेट दोन्ही वाशीच्या विभागीय मंडळातून काढायचं होतं. आधी ज्युनियर कॉलेजचं पत्र, पोलीस ठाण्यात नोंद, प्रतिज्ञापत्र, मग अर्ज. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात अर्ज दिला, प्रत हातात यायला २६ दिवस लागले. करोनामुळे कर्मचारी कमी होते, तरी खिडकीवरच्या बाईंनी दोन वेळा स्वतःहून फोन करून काय राहिलंय ते सांगितलं.

खरी अडचण नावाची झाली. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग माझं नाव, मग वडिलांचं. डिस्चार्ज बुकात नाव आणि आडनाव, वडिलांचं नाव नाहीच. आधारवर तिसरीच तऱ्हा. प्रवेश विभागाने सांगितलं, हे तीन वेगवेगळे इसम आहेत. मग "वरील तिन्ही नावांची व्यक्ती एकच" असं प्रतिज्ञापत्र १०० रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर, आणि दुसरं गॅपचं. अठरा वर्षांचा गॅप. टायपिस्टने दोनदा विचारलं, "अठरा महिने ना?" गॅपचा पुरावा म्हणून डिस्चार्ज बुकाच्या साक्षांकित प्रती जोडल्या. डोमिसाइल ठाणे तहसीलमधून, माजी सैनिकाचं ओळखपत्र जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून. सगळा खर्च नोटरी, झेरॉक्स, रिक्षा धरून २,३०० रुपये. सर्व्हिसमध्ये असतानाच नावाची पार्ट-टू ऑर्डर, म्हणजे फौजेच्या नोंदीत बदलाचा आदेश, करून घ्या. आत असताना जे एका अर्जात होतं, त्याला बाहेर दीड महिना लागतो. आणि हिपॅटायटिस बीची लस अर्ज करतानाच सुरू करा. तीन डोस असतात, पहिल्यानंतर एका महिन्याने आणि सहा महिन्यांनी. ती पूर्ण नसेल तर वॉर्डाचं पोस्टिंग अडतं.

प्रवेश नवी मुंबईतल्या एका अभिमत विद्यापीठात झाला. त्यांची स्वतःची प्रवेश परीक्षा होती. वर्षाची फी १,१०,०००, अनामत १०,०००. माजी सैनिक म्हणून सवलत विचारली, नव्हती. तीन वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप.

१८ ऑक्टोबर २०२१ पासून तीन आठवडे ऑनलाइन, मग प्रत्यक्ष वर्ग. तेव्हा कोविड लशीचे दोन डोस झालेल्यांनाच लोकलचा पास मिळायचा. विद्यार्थी सवलतीचा पास मला वयामुळे मिळाला नाही, पूर्ण दराचा त्रैमासिक काढला. ठाणे–पनवेल लोकलमध्ये कोपरखैरणेला चढायचो आणि तुर्भ्यापर्यंत उभ्या उभ्याच शरीरशास्त्राच्या चिठ्ठ्या वाचायचो. वर्गात बावीस मुलं, सगळी अठरा-एकोणीसची. पहिल्या दिवशी ती उभी राहिली, त्यांना वाटलं सर आले. दुसऱ्या महिन्यापासून मी "फौजी काका" झालो.

पहिलं वर्ष फार जड गेलं. पाठांतर होत होतं, पण इंग्रजीतून लिहायचा वेग नव्हता, आणि बायोकेमिस्ट्री डोक्यात शिरतच नव्हती. क्रेब्ज सायकल, म्हणजे पेशीत ऊर्जा कशी तयार होते त्याची आकृती, मी स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवली होती. तरी ४१ मार्क पडले, पासिंग ५०. सदतिसाव्या वर्षी नापास झाल्याचं घरी सांगताना पोटात खड्डा पडला. आबा सोफ्यावर बसले होते. म्हणाले, "गोण निसटली तर परत पाठीवर घ्यायची असते. मुकादम कुठं पळून जातो?" वर्गातल्या एका मुलीने रोज सुटल्यावर अर्धा तास मला बायोकेमिस्ट्री शिकवली, बदल्यात मी तिला परीक्षेचे आणि स्कॉलरशिपचे फॉर्म भरून दिले. पुनर्परीक्षेत ५८ पडले.

दुसऱ्या वर्षी पॅथॉलॉजी, मायक्रोबायोलॉजी, फार्माकॉलॉजी. ते वर्ष कष्टाचं होतं पण सरळ गेलं. मेडिकल बोर्डाच्या कागदांवर वर्षानुवर्षं टाइप केलेली निदानं आता अर्थासकट समोर येत होती, त्यामुळे लक्षात राहत होती. या बाबतीत आपण क्लार्क लोक रिकाम्या हाताने येत नाही, हे मुद्दाम सांगतो.

तिसऱ्या वर्षी, डिसेंबर २०२३ मध्ये सर्जरी वॉर्डात मला पहिली पूर्ण हिस्टरी घ्यायला दिली. पेशंट साठीचे, मार्केटातलेच माथाडी, मधुमेह बारा वर्षांचा, उजव्या तळव्याला जखम. मी सगळे प्रश्न क्रमाने विचारले. काही लागलं होतं का? नाही. पडलात का? नाही. कधीपासून? आठवडा झाला. पानभर स्वच्छ अक्षरात लिहून वॉर्डातल्या डॉक्टर मॅडमना दाखवलं. त्यांनी वाचलं आणि म्हणाल्या, "तुम्ही रकाने भरलेत. आता पेन खिशात ठेवा, स्टूल घ्या आणि दहा मिनिटं त्यांना बोलू द्या."

मी बसलो. गाव कोणतं विचारलं, निघाले खटावचे. मग टोळीचं बोलणं निघालं, पावसाळ्यात ओल्या फरशीवर पाय कसा घसरतो ते, आणि बोलता बोलता म्हणाले, "चप्पल बी नवी घ्यायची ऱ्हायली. पोरानं बघितलं तर तळाला खिळा निघालेला, दोन दिस मी तसाच फिरतोय." काही लागलं का, या प्रश्नाचं उत्तर त्यांनी खरंच दिलं होतं. त्यांना लागल्याचं कळलंच नव्हतं. मधुमेहाने पायाची संवेदना गेली होती. नंतर मॅडमनी दहा ग्रॅमच्या मोनोफिलामेंटने, म्हणजे नायलॉनच्या एका बारीक तंतूने, दोन्ही पाय तपासून दाखवले. उजव्या तळव्यावर टोचलेलं त्यांना एकाही ठिकाणी कळत नव्हतं, डाव्यावर दोनच ठिकाणी. डावा पाय तोवर धडधाकट दिसत होता.

त्या दिवशी घरी जाऊन मी आबांचे पाय तपासले. त्यांनाही साखर आहे. ते म्हणाले, "आता ह्या वयात पोरगा पाय धरतोय." डोळे पुसत होते.

इंटर्नशिप ऑक्टोबर २०२४ ते ऑक्टोबर २०२५. स्टायपेंड महिन्याला ५,०००. बारा-बारा तासांच्या पाळ्या, आठवड्यातून दोन रात्री. हात बसायला वेळ लागला. पहिल्या महिन्यात एका आजींना कॅन्युला लावताना दोनदा शीर चुकली. नियम असा की दोनदा चुकलं की थांबायचं आणि सीनियरला बोलवायचं. मी थांबलो, पण त्यांच्या हातावरचा काळानिळा डाग पुढचे चार दिवस रोज बघत होतो. कॅन्युला, कॅथेटर, ईसीजी, ड्रेसिंग यांची मी वही ठेवली: तारीख, कितीव्या प्रयत्नात, काय चुकलं. ही वही पुढे मुलाखतीत दाखवता आली.

जुन्या नोकरीने मला इथे एकदा मोठा हात दिला. एकाच वॉर्डात एकाच नावाचे दोन पेशंट होते, वयात तीन वर्षांचा फरक. फौजेत नावाआधी नंबर बघायची सवय लागलेली असते. एकाचा रक्ताचा रिपोर्ट दुसऱ्याच्या फाइलला लागलेला मी नंबरावरून पकडला. पोटॅशियमचा रिपोर्ट होता, आणि त्यावरून औषध बदलायचं चाललं होतं. सिस्टरनी आणि डॉक्टरांनी दोघांनीही पुढच्या राउंडपासून नंबर मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

नोकरी शोधायला सप्टेंबरपासून लागलो. अकरा ठिकाणी अर्ज, चार मुलाखती. दोन ठिकाणी एचआरला पीए म्हणजे पर्सनल असिस्टंट वाटलं. म्हणून अर्जात पहिल्याच ओळीत "फिजिशियन असिस्टंट (डॉक्टरांच्या देखरेखीखाली क्लिनिकल काम)" असं पूर्ण लिहा, आणि काय काय करता येतं त्याची अर्ध्या पानाची यादी जोडा. एका ठिकाणी मला अ‍ॅडमिन मॅनेजर म्हणून ३८,००० देऊ केले, कारण अनुभव तो होता. आता जिथे आहे तिथे पहिले सहा महिने २४,०००. घरी दोन दिवस चर्चा झाली. हिनेच सांगितलं, "मॅनेजर व्हायचं होतं तर क्रेब्ज सायकल दाराला कशाला लावलीत?" नोंदणीसाठी राज्य परिषदेचे चालू नियम स्वतः वाचून अर्ज करा, आणि प्रोव्हिजनल सर्टिफिकेटच्या पाच साक्षांकित प्रती जवळ ठेवा.

अमेरिकेचंही बरेच जण विचारतात. तिथली परवाना परीक्षा फक्त तिथल्या मान्यताप्राप्त कार्यक्रमातून उत्तीर्ण झालेल्यांनाच देता येते. आपल्या बी.एस्सी.वर थेट तिकडे पाठवतो म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

तीन वर्षांची फी, परीक्षा शुल्क, पुस्तकं, अ‍ॅप्रन, स्टेथोस्कोप, पास, सगळं मिळून चार लाखांच्या थोडं आत खर्च आला. ही चार वर्षं पगार बुडाला तो वेगळा.

आता रोज सकाळी सहाच्या आत घर सोडतो. कोपरखैरणेहून ठाणे, तिथून घोडबंदरची बस. मेडिसिन वॉर्डात बत्तीस खाटा आहेत. संध्याकाळी पाच ते सहा नातेवाइकांचे फोन घ्यायचं काम मी मागून घेतलंय. त्याआधी एक चक्कर मारून येतो आणि ताटं बघतो, कोणी किती खाल्लं ते. परवा एका मुलीचा फोन आला, वडील निमोनियाने दाखल आहेत. ऑक्सिजन किती लागतोय ते सांगितलं, ताप उतरल्याचं सांगितलं, आणि अर्धी पोळी, वरण खाल्लं, भात नको म्हणाले, हेही सांगितलं. ती थोडा वेळ गप्प होती, मग म्हणाली, "भात त्यांना आवडतच नाही."

पदवीदान मार्चमध्ये आहे. एका विद्यार्थ्यामागे दोन पास. एक हिचा, एक आबांचा, आणि मुलीसाठी तिसरा मिळतो का ते विचारायला अर्ज दिलाय. आबांना आता जिने चढवत नाहीत, म्हणून सभागृहाची लिफ्ट कोणत्या बाजूला आहे ते मागच्या शनिवारी जाऊन बघून आलो. मागच्या गेटने, कँटीनच्या शेजारी आहे.